काढून टाकलेले गाणे

मी बोरिवलीला राहतो आणि अंधेरीला मास्तरकी करतो. त्यामुळे गोरेगाव स्टेशन रोज दोनदा माझ्या खिडकीसमोरून जाते. गाडी तिथे थांबली की मला हटकून लताबाईंची आठवण होते. 'शहीद' चित्रपटासाठी गुलाम हैदर यांनी त्यांचा आवाज फिल्मिस्तानच्या शशधर मुखर्जींना ऐकवला, आणि फार पातळ म्हणून तो नाकारला गेला, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. गोरेगावच्या फलाटावर हैदरांनी सिगारेटच्या डब्यावर ताल धरून त्यांच्याकडून चाल गाऊन घेतली, असेही सांगतात. १९४८ साली 'मजबूर' आला, १९४९ साली शेजारच्या मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा 'महल' आला, आणि मग पातळ-जाड बोलायला कोणी उरले नाही.

ती नापास झालेली चाचणी आपल्याला ऐकायला मिळावी, असे मला फार दिवस वाटत असे. आता या इच्छेची थोडी शंका येते. त्या आवाजापेक्षा, 'आम्ही तिथे असतो तर ओळखला असता' हे स्वतःला सांगण्याचे सुख आपल्याला हवे असते की काय?

त्याआधीचीही एक गोष्ट आहे. १९४२ साली वसंत जोगळेकरांच्या 'किती हसाल' या मराठी चित्रपटासाठी बारा वर्षांच्या लताने सदाशिवराव नेवरेकरांच्या चालीवर गाणे म्हटले. मुलीने सिनेमात गावे हे मास्टर दीनानाथांना रुचत नव्हते; गाणे चित्रपटातून निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दीनानाथ गेले, घराचा भार त्या मुलीवर पडला आणि तिला सिनेमातच उभे राहावे लागले. बापाचा तो हक्क होता, असे आपण म्हणतो. पण गळा तर मुलीचा होता! तिला कोणी विचारले असेल का?

हे सारे आज लिहायचे कारण माझ्या मोबाइलमध्ये आहे. आठ वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी मुले निवडताना मी सर्वांचे गाणे त्यात घेतले होते. त्यांतल्या नववीतल्या एका मुलीचा पहिला अल्बम यंदा येतो आहे. परवा तिचा फोन आला.

"सर, माझं ते गाणं अजून आहे का हो तुमच्याकडे? असेल तर पुसून टाका ना. मी फार वाईट गायले होते."

मी चटकन 'बरं' म्हणालो. माझ्या पहिल्या कादंबरीचे बाड ट्रंकेत तळाशी आहे, ते मी बायकोलाही दाखवलेले नाही. तेव्हा मला तिची लाज न समजायला काय झाले? पण त्या 'बरं'मधला चटकनपणा मलाच खटकला. रात्री ते गाणे लावले. आवाज कापतो आहे, दुसऱ्या ओळीला सूर सुटतो आहे. पण तिसऱ्या ओळीला तो असा काही परत येतो, की कानाला कळावे. आणि नेमक्या तिथेच माझा आवाज येतो, "पुरे. पुढची."

हे पुसले तर तिची लाज जाईल, तशी माझीही जाईल. तिची इच्छा पाळली असे म्हणत मी माझाच पुरावा नाहीसा करीन, आणि वर चांगला मास्तर ठरेन. ठेवले, तर दिलेला शब्द मोडेन. मॅट्रिकपर्यंतच्या माझ्या शिक्षणात याचे उत्तर नव्हते, आणि वर गेलेल्यांनाही ते कुठे शिकवीत असतील असे वाटत नाही.

भाऊबीजेनंतर ती फराळाला येणार आहे. तिला एकदा सगळे ऐकवीन म्हणतो, माझ्या 'पुढची'सकट; आणि मग मोबाइल तिच्याच हातात देईन.