मुठीचे लाकूड

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या भाच्यास सुऱ्या घडविण्याचा नाद आहे. पोटासाठी तो दुसरेच काही करतो. परंतु सुटीच्या दिवशी पोलादाचे पाते घासावे आणि त्यास देशोदेशींच्या कठीण लाकडाची मूठ बसवावी, यात त्यास परमानंद वाटतो. मध्यंतरी त्याचे पत्र आले : "मामा, केळझरच्या घरी जुन्या शिसवाचा तुकडा असला तर पाठवा. इकडे दुर्मीळ परदेशी लाकूड म्हणून त्याला फार मान आहे." ज्या शिसवी पलंगावर आम्ही लहानपणी उड्या मारल्या, तो 'परदेशी' ठरलेला पाहून आम्हांस प्रथम हसू आले. हसू ओसरल्यावर मात्र प्रश्न उरला की, एका मुठीसाठी दूरचे लाकूड हवेसे वाटणे, यात दोष तो कोणता?

हे निव्वळ चोचले आहेत असे म्हणून मोकळे होणे अन्यायाचे होईल. सुरी वारंवार पाण्यात जाते. भुसभुशीत लाकूड पाणी पिऊन फुगते, वाळून चिरते, आणि मूठ पात्यापासून सुटू लागते. मध्य अमेरिकेतील कोकोबोलो, किंवा पाण्यात टाकताच बुडणारे लिग्नम व्हिटी, यांच्या अंगीच तेल वा राळ असल्यामुळे ती पाण्यास दाद देत नाहीत. येथवर कारागिराची निवड शास्त्रशुद्धच. पण तेवढी गरज भागविण्यास समुद्र ओलांडावा लागत नाही. आमच्याकडे बाभळीची मूठ आणि धावड्याचा दांडा पिढ्यान्‌पिढ्या उन्हापावसात राबत आले आहेत.

गरजेपलीकडे सौंदर्य उरते, आणि सौंदर्याशी आमचे वैर नाही. परंतु शिसव बाभळीसारखे बांधाबांधावर उगवते, तर भाच्याने पत्र लिहिले असते काय? आणि हा प्रश्न केवळ भाच्यालाच का विचारावा? केळझरजवळच्या बोरच्या जंगलात तेंदू आहे. हे झाड एबनीच्याच कुळातले. जून खोडाचा गाभा काळाभोर निघतो. आम्ही त्यास विडीच्या पानापलीकडे कधी ओळखले नाही. आमच्या मेजावर मात्र परदेशाहून मुद्दाम आणविलेली, एबनीच्या मुठीची, कागद कापण्याची सुरी विराजमान आहे. तिने आजवर एकही कागद कापलेला नाही!

भाचा म्हणेल, मूठभर लाकडाने जंगल ओस पडत नाही. हेही खरे. शिसवाच्या जातभाईंवर जे संकट ओढवले ते मुख्यतः उंची फर्निचरच्या, विशेषतः चीनमधील, मागणीमुळे. ब्राझीलच्या शिसवाचा व्यापार १९९२ सालीच बंद झाला, आणि २०१७ पासून त्या सबंध वंशाचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याच्या कक्षेत आला. परंतु फर्निचरचे प्रत्येक गिऱ्हाईकही 'माझी एकच तर खुर्ची' असेच म्हणत असते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असे आपण म्हणतो खरे. पण बिचाऱ्या दांड्याने स्वतःस निवडलेले नसते.

असो. माडीवर त्या मोडक्या पलंगाचा एक खूर पडून आहे. ज्या झाडाचा तो, ते आजोबांच्याही आधी पडले. आम्ही भाच्यास कळविले की, खूर पाठविणार नाही; तू ये, येथेच त्याची मूठ कर, आणि ती सुरी या स्वयंपाकघरात रोज कांदे चिरण्यास राहील. दोन महिने झाले. उत्तर अद्याप आलेले नाही.