अधिकार कोणाचा?

पाली हे गाव भाईंदरहून उत्तनच्या बाजूला, समुद्राला अगदी खेटून आहे. गेल्या थंडीत तिथे, बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांच्या वासात बसून, एका ओळखीच्या कोळ्याला मी दारूचे दुष्परिणाम समजावीत होतो. जाळे शिवता शिवता तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुम्ही कधी पिऊन पडलात काय?"

"छे!"

"मग राहू द्या."

जन्मभर वर्गात अधिकारवाणीने बोललेल्या माणसाला हे 'राहू द्या' झोंबले. पण बसमध्ये बसल्यावर वाटले, प्रश्न काही उद्धटपणाचा नव्हता. जो पडलाच नाही त्याने पडलेल्याला 'ऊठ' म्हणावे का?

१९०५ साली बोस्टनमध्ये डॉ. प्रॅट यांनी गरीब क्षयरोग्यांचा एक वर्ग भरवला. द्यायचे होते आरोग्याचे धडे. पण एकमेकांना पाहूनच रोग्यांना धीर येतो, असे ध्यानात आले. १९३५ साली अमेरिकेतच एका शेअरदलालाने आणि एका शस्त्रवैद्याने, दोघेही दारूने पुरते नागवलेले, एकमेकांशी बोलून मद्यपाश सोडवला. आपल्याकडे १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' उभे केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. तिथे रुग्ण घोळक्याने बसून बोलतात, आणि बरे झालेल्यांतलेच काही पुढे नव्यांना सांभाळतात. आता या अनिताताई काही व्यसनी नव्हत्या. मग त्यांचा अधिकार कोणता? मला वाटते, बोलण्याचा नव्हे, तर माणसे बसतील अशी जागा राखण्याचा. तो शिकता येतो आणि शिकवताही येतो. १९९७ साली त्या गेल्या. मानसशास्त्र शिकलेल्या त्यांच्या लेकीने, मुक्ता पुणतांबेकरांनी, ते काम पुढे नेले.

इथवर सारे ठीक. पण एक शंका मला सोडीत नाही. घोळक्यात एखादा सांगतो, "मी बायकोला मारले, तिचे मंगळसूत्र विकले." सगळे माना डोलावतात, आपलीही तीच गत म्हणतात, आणि त्याचे ओझे उतरते. चांगलेच आहे. पण मार खाल्लेली तिथे नसते! तिच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार त्या मंडळींना दिला कोणी? समदुःखी माणसे फार लवकर क्षमा करतात. त्यात थोडी स्वतःलाही करून घेतात. 'मुक्तांगणा'त बायकांचीही निराळी बैठक भरते हे ऐकले, तेव्हा कुठे जरा बरे वाटले.

पुढच्या खेपेस पालीला गेलो तो उपदेशाची पोतडी घरी ठेवून. कोळ्याला अशा बैठकीचा पत्ता तेवढा दिला. त्याने तो खिशात घातला. बोंबील उलटत असलेली त्याची बायको पाठ न वळवताच म्हणाली, "यांचं ऐकायला तिथं माणसं मिळतील. माझं कोण ऐकेल?"

मी जवळची पाटी पालथी घातली आणि तिच्यावर बसलो. बोलायला तिने बराच वेळ घेतला.