साधनाविना चाचणी

जेयुनिट या जावाच्या चाचणी-साधनात लिहिलेली चाचणी जेयुनिटपुरतीच चालते. एका कचेरीत, एकाच चमूत कुणाला त्याचं काही वाटत नाही. अडचण येते ती एकच नियम अनेकांनी आपापल्या परीनं राबवायचा असतो तेव्हा. दूरसंचाराच्या मानक-समित्यांना ती फार लवकर भेटली.

एका कंपनीचं उपकरण दुसरीच्या उपकरणाशी बोलायचं, तर दोघांची परीक्षा एकच हवी; प्रयोगशाळा मात्र ज्याची त्याची. कुणाचंही साधन इतरांच्या गळ्यात मारता येईना. म्हणून आयएसओच्या 9646 या मानकमालिकेत टीटीसीएन ही चाचण्या लिहिण्याची पद्धत आली. हा संदेश पाठवा, घड्याळ लावा, वेळेत अमुक उत्तर आलं तर उत्तीर्ण. एवढंच तिच्यात लिहायचं. बिट कसे जुळवायचे, कोणत्या तारेवरून धाडायचे, ते ज्यानं त्यानं आपल्या अडॅप्टरमध्ये पाहायचं. ही खटपट कुणाची सुटली नाही, पण परीक्षा सगळ्यांची एक झाली.

टीटीसीएनमधला निकालाचा विचार मला आजही जेयुनिटच्या हिरव्या-लाल पट्टीपेक्षा प्रगल्भ वाटतो. उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण यांच्या मध्ये तिथे ‘अनिर्णित’ आहे: उपकरण चुकलं नाही, पण जे तपासायचं होतं तिथवर चाचणी पोचलीच नाही. शिवाय एकदा घसरलेला निकाल पुढे सुधारत नाही.

व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये डॅन नॉर्थ आणि ख्रिस मॅट्स यांनी आधीची स्थिती, कृती आणि परिणाम असा वाक्यांचा साचा घडवला. 2008 मध्ये आलेल्या क्युकंबर या साधनानं तो घरोघरी नेला. आणि लोक लिहू लागले काय? ‘लॉगिनचं बटण दाबलं, तिसऱ्या रकान्यात आकडा भरला.’ साधनाचं नाव गेलं, पडदा चिकटूनच राहिला. त्यापेक्षा ‘खात्यात 500 रुपये असताना 700 मागितले तर नकार मिळावा आणि शिल्लक तेवढीच राहावी’ हे एटीएमला लागू पडतं, ॲपला पडतं, खिडकीमागच्या कारकुनालाही पडतं. असं लिहायला बँकेचा व्यवहार कळावा लागतो. बहुधा म्हणूनच ते कमी लिहिलं जातं.

युनिकोडनं तर वाक्यच गाळलं. एकच अक्षर दोन तऱ्हांनी साठवलं तरी ते एक ठरावं, यासाठीच्या चाचण्या म्हणजे अर्धविरामांनी पाच रकाने पाडलेली एक साधी मजकूर-फाइल. ‘दुसऱ्या’तला ऱ तिथे एका ओळीत आहे: 0931 हा एक संकेतांक, किंवा र चा 0930 आणि नुक्त्याचा 093सी अशी जोडी, कोणत्या रूपात काय मिळायला हवं, ते रकाने सांगतात. जावा, सी, पायथन, कुणीही ओळ वाचावी आणि आपलं उत्तर ताडून पाहावं.

हे साधतं, कारण इथे उत्तर निव्वळ दिलेल्या अक्षरांवर ठरतं. कुणाची वाट पाहायची नाही, मध्येच जोडणी तुटायची नाही. मोबाइलवरचा कॉल असा पाच रकान्यांत मावत नाही. म्हणून 5जी संचांसाठीच्या प्रमाणित चाचण्याही मोबाइलची मानकं ठरवणारी 3जीपीपी टीटीसीएनच्याच पुढच्या रूपात, टीटीसीएन-3 मध्ये लिहिते.