‘मुद्दाम केले नाही’ एवढे पुरेसे आहे का?



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणात घालवतो. २ तारखेला कबरस्थानात मेणबत्त्या लावून झाल्या, पाकिटांतून नावे आली आणि ती मिस्सामध्ये वाचली जात आहेत. याच महिन्याचा तिसरा रविवार रस्त्यावरील अपघातांत बळी गेलेल्यांच्या स्मरणासाठी जगभर पाळला जातो. ब्रिटनमध्ये १९९३ साली या प्रथेची सुरुवात झाली आणि २००५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने हा दिवस स्वीकारला.

आपल्या बारामती-इंदापूर भागात साधारण याच दिवसांत उसाचे गाळप सुरू होते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, सगळीकडच्या कारखान्यांच्या वाटेवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी असली तर नशीब. कडेने बैलगाड्या आणि त्यांच्या मागेपुढे चालणारी ऊसतोडीची माणसे. पालखी मार्गाचे रुंदीकरण झाले तसा गाड्यांचा वेगही वाढला. पुणे-सोलापूर महामार्गाबद्दल तर बोलायलाच नको. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेला मुलगा आणि दारात उभी असलेली नवी गाडी हे दृश्यही याच दिवसांतले.

आता आम्ही एक प्रसंग मांडतो. तो कुणा एकाच्या घरातला नाही. विचार करण्यासाठी मांडलेला आहे, पण आपल्यापैकी कुणाच्याही घरी घडू शकेल असा आहे.

मुलगा एकोणीस वर्षांचा. शिकाऊ परवाना काढून तीन आठवडे झालेले. शेजारी पक्का परवाना असलेला माणूस बसल्याशिवाय त्याने गाडी चालवायची नाही आणि गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ लावायचा, हा नियम घरात सगळ्यांना माहीत आहे. पण संध्याकाळी पाहुणे आले, दूध आणायचे होते आणि वडील म्हणाले, ‘‘जा, गावातल्या गावात तर जायचंय.’’ दूध घेऊन झाल्यावर मुलाला वाटले, जरा मोठ्या रस्त्याला लावून बघू. समोरून ट्रकचा प्रखर उजेड आला, कडेला कुणीतरी चालत होते, पाय ब्रेकऐवजी दुसर्‍याच ठिकाणी पडला. बीडकडून कोयत्यावर आलेला एक माणूस गेला. मागे बायको, दोन मुले आणि मुकादमाकडून घेतलेली उचल.

पुढे काय होते ते आपण सर्वांनी पाहिलेले आहे. लोक जमतात, मुलाला मार बसण्याची वेळ येते, कुणीतरी १०८ ला फोन करते. पंचनामा होतो. वडील धावत येतात. रात्री घरात वकील, विमा एजंट आणि चार नातेवाईक बसतात. वकील सांगतो, काही कबूल करू नका, त्यांच्याकडे जाऊ नका. एक काका म्हणतात, ‘‘गाडी मी चालवत होतो म्हणून सांगू का? माझ्याकडे लायसन्स आहे.’’ दुसरे म्हणतात, ‘‘गरीब माणसं आहेत, थोडंफार देऊन मिटवून टाकू.’’ आणि आई एका कोपर्‍यातून पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत असते : ‘‘त्यानं मुद्दाम नाही केलं हो.’’

आईचे म्हणणे खोटे नाही. पण ते पुरेसे आहे का?

पवित्र शास्त्राने हा प्रश्न फार जुन्या काळी हाताळला आहे. अनुवादाच्या १९ व्या अध्यायात उदाहरण आहे ते लाकूड तोडण्याचे. दोघे रानात गेले, एकाने कुर्‍हाड उगारली, पाते दांड्यातून निसटले आणि दुसर्‍याला लागून तो मेला. मनात वैर नव्हते. अशा माणसाने पळून जाऊन आश्रय घ्यावा म्हणून सहा नगरे राखून ठेवली होती. आपल्या मराठी बायबलात त्यांना शरणपुरे म्हटले आहे. नाशिकच्या शरणपूरमुळे शब्द आपल्या ओळखीचा आहे. गणनाच्या ३५ व्या अध्यायात मात्र एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. मंडळीपुढे त्याचा न्याय व्हायचा. तो निर्दोष हेतूचा ठरला तरी त्याला घरी पाठवीत नसत. मुख्य याजक मरेपर्यंत त्याने त्या नगरातच राहायचे. सूड घेणार्‍यापासून त्याला वाचवले आहे, पण ‘काही झालेच नाही’ असे मात्र म्हटलेले नाही. एक जीव गेला आहे आणि हेतू नसला तरी त्याचे वजन त्या माणसाच्या आयुष्यावर पडलेच पाहिजे, असा त्यातला भाव आम्हांला दिसतो.

आणि आपला एकोणीस वर्षांचा मुलगा नेमका त्या लाकूडतोड्यासारखा आहे का? पाते निसटेल हे लाकूडतोड्याला ठाऊक नव्हते. इथे तर पाते ढिले आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते.

म्हणून निर्गमाच्या २१ व्या अध्यायातला नियम आम्हांला जास्त जवळचा वाटतो. शेतकर्‍याला तो लगेच समजेल. बैलाने एखाद्याला शिंगावर घेऊन मारले तर मालकावर दोष नाही. पण बैल आधीपासून मारका असेल, मालकाला तसे सांगितलेले असेल आणि तरी त्याने तो बांधून ठेवला नसेल, तर मालक दोषी. बैलाचा हेतू कुणी विचारत नाही. दावे सोडणारा हात कुणाचा, एवढेच पाहिले जाते.

आपल्या देशाच्या कायद्यानेही अल्पवयीन चालकाच्या बाबतीत २०१९ साली हेच धरले. मोटार वाहन कायद्यात १९९अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी मानला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत परवाना नाही. आपल्या प्रसंगातला मुलगा एकोणीस वर्षांचा असल्याने ते कलम त्याच्या वडिलांना लागणार नाही. पण कलम लागत नाही म्हणून ‘‘जा, गावातल्या गावात तर जायचंय’’ हे शब्द तोंडातून गेलेच नव्हते असे होत नाही.

पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये जे घडले ते आपल्या सर्वांच्या लक्षात आहे. सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव महागड्या गाडीने दुचाकीला धडक दिली आणि मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेले. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला, त्याच्या अटींत अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. देशभर संताप उसळला. निबंधाच्या अटीवर सगळ्यांनी भरपूर लिहिले, त्यात आम्ही भर घालत नाही. आम्हांला जास्त अस्वस्थ केले ते पोलिसांनी पुढे केलेल्या आरोपांनी : मुलाच्या रक्ताचा नमुना बदलून त्याजागी आईच्या रक्ताचा नमुना ठेवला गेला आणि घरच्या ड्रायव्हरने गुन्हा आपल्या अंगावर घ्यावा म्हणून त्याच्यावर दबाव आणला गेला. हे खरे-खोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण हे आरोप वाचताना आपल्यातला कोणता बाप मनातल्या मनात थबकला नसेल? ‘‘गाडी मी चालवत होतो म्हणून सांगू का?’’ असे विचारणारे काका श्रीमंतांच्याच घरी असतात असे नाही. अपघात एका क्षणात होतो, त्यात हेतू नसतो. त्यानंतर रात्रभर बसून जे ठरवले जाते त्यात मात्र पुरेपूर हेतू असतो. पहिली चूक अजाणतेपणाची म्हणता येईल, दुसरी नाही. आणि त्या मुलाच्या आयुष्याचे अधिक नुकसान दुसरीच करते. एक माणूस मेल्यावर आपल्या घरात पहिली काळजी कसली करतात, हे तो पाहत असतो.

कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात २२६९ व्या परिच्छेदात याबद्दल स्पष्ट म्हटले आहे. अनवधानाने आलेल्या मृत्यूची नैतिक जबाबदारी माणसावर येत नाही. पण पुरेशा कारणावाचून ज्याने असे वागणे केले की त्यातून कुणाचा मृत्यू ओढवला, तो ‘मारायचा हेतू नव्हता’ म्हणून गंभीर दोषातून सुटत नाही. २२९० व्या परिच्छेदात दारूच्या नशेत वा वेगाच्या हौसेपायी रस्त्यावर इतरांना धोक्यात घालणार्‍यांचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे. आपण पाचव्या आज्ञेचे पापनिवेदन करताना राग आणि भांडणे सांगतो. परवान्याशिवाय गाडी चालवली, असे कुणी सांगितल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

इथे एक अडचण आहे, ती लपवू नये. त्याच संध्याकाळी आपल्याच तालुक्यात आणखी पाच-पन्नास मुलांनी अशीच गाडी काढली असेल आणि ती सुखरूप घरी आली असतील. त्यांना कुणी काही बोलले नाही. चूक तीच, मग एकाच्या माथी मृत्यू आणि दुसर्‍याच्या हाती दुधाची पिशवी, हा कुठला न्याय? बर्नार्ड विल्यम्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली यावर लिहिताना एका ट्रकचालकाचेच उदाहरण घेतले होते. त्याच्या हातून, त्याचा काहीही दोष नसताना, एक मूल चिरडले जाते. लोक त्याचे सांत्वन करतील आणि करावेच. पण तो चालक फार लवकर सावरला तर आपल्यालाच काहीसे खटकेल, असे त्यांचे निरीक्षण आहे. जवळून पाहणार्‍याचे दुःख वेगळे आणि ज्याच्या हातून घडले त्याचे वेगळे. आम्हांला हे पटते. सुखरूप परतलेली मुले निर्दोष नाहीत, त्यांच्यावर दया झाली आहे एवढेच. आणि ज्याच्यावर ती वेळ आली, त्याने ‘सगळेच करतात’ म्हणून अंग झटकले तर आपल्याला ते माणुसकीचे वाटणार नाही.

मग त्याने करायचे काय?

सर्वांत आधी, थांबायचे. जखमीला दवाखान्यात पोचवण्याची खटपट करणे हे कायद्याने चालकाचे कर्तव्य आहे. जमाव अंगावर आला तर तिथून निघण्याची मुभाही त्याच कायद्यात आहे, पण ती पोलिसांपर्यंत पोचण्यासाठी, घरी लपण्यासाठी नाही. आणि गाडी कोण चालवत होते हे खरे सांगायचे. विम्याची भीती पुष्कळांना खोटे बोलायला लावते, म्हणून हेही सांगतो : चालकाकडे योग्य परवाना नव्हता तरी मेलेल्याच्या कुटुंबाला भरपाई मिळावी म्हणून कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत, अशी वाट सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली एका निकालात दाखवून दिली आहे. म्हणजे खरे बोलल्याने त्या विधवेचे पैसे बुडतीलच असे नाही. ते कदाचित आपल्या खिशातून जातील. आपली भीती खरी कशाची आहे, ते इथे उघडे पडते.

भरपाईबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे. ‘थोडंफार देऊन मिटवू’ यात ‘थोडंफार’ हा शब्द दुसर्‍याच्या गरिबीवर ठरतो. ऊसतोडीला माणसे जोडीने येतात. जोडीतला एक गेला की कोयता मोडतो, पण उचल मोडत नाही. ती राहिलेल्या बाईच्या नावावर उभीच असते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात रक्कम मिळायला वर्षे जातात, आणि तोवर त्या घराने काय खायचे हे कुठल्याच कागदावर लिहिलेले नसते. लूकच्या १९ व्या अध्यायातल्या जक्कयने ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत द्यायचे ठरवले. कायदा किती म्हणतो, असे त्याने विचारले नाही. आपल्या मुलाच्या वडिलांनी गाडी विकून ती उचल फेडली, तर त्याला आम्ही दान म्हणणार नाही, ते देणे आहे. मात्र ते देताना दावा मागे घेतल्याच्या कागदावर अंगठा मागितला, तर पुन्हा तो व्यवहार झाला.

कुणी विचारेल, मुलाने पापनिवेदन केले, फादरांनी पापक्षमा दिली, मग अजून काय राहिले? धर्मशिकवणीचा १४५९ वा परिच्छेद सांगतो की पापक्षमेने पाप जाते, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. शेजार्‍याचे नुकसान भरून द्यायचे राहते. फादर देवाच्या नावाने क्षमा करतात. त्या बाईच्या नावाने क्षमा करण्याचा अधिकार त्यांना नाही, आम्हांलाही नाही. ‘ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी’ हे वाक्य अपघात करणार्‍याच्या बाजूने बोलले की त्याची चव बिघडते. ती क्षमा करील तेव्हा करील, किंवा करणार नाही.

आणि तो मुलगा. त्याच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. तो जेवत नाही, झोपेत दचकतो, कॉलेजला जायचे टाळतो. नातेवाईक म्हणतात, ‘‘विसर आता.’’ विसरणे हा उपाय नाही, आणि स्वतःला संपवण्याचा विचार तर मुळीच नाही. त्याला एकटे ठेवू नये. गरज पडली तर डॉक्टरांकडे न्यावे, त्यात कमीपणा नाही. शरणपुरात माणूस बंदिस्त होता, पण तो वस्तीत होता, माणसांत होता. आपले धर्मग्राम अशा मुलासाठी ती वस्ती होऊ शकते का, की पुढच्या रविवारी त्याच्या शेजारचा बाक रिकामा राहील?

व्हॅटिकनने २००७ च्या जूनमध्ये रस्त्यावरील वाहतुकीसंबंधी मार्गदर्शक पत्रक काढले, त्यात चालकांसाठी दहा आज्ञा होत्या. त्या वेळी वर्तमानपत्रांनी त्याची गंमत केली. त्यातली आठवी आज्ञा अशी की दोषी चालक आणि पीडित यांची योग्य वेळी भेट घडवून आणावी. ‘योग्य वेळी’ हे शब्द त्यात आहेत, हे आम्हांला फार शहाणपणाचे वाटते.

ती वेळ कोणती, हे आम्ही ठरवू शकत नाही. वकिलाला विचारून घ्यावे, कारण चुकीच्या वेळी गेलो तर साक्षीदार फोडायला आलो असे दिसेल. आधी त्यांच्या गावातल्या एखाद्या वडीलधार्‍यामार्फत विचारावे, आम्ही आलो तर चालेल का. नाही म्हणाले तर थांबावे. हो म्हणाले तर बाप-लेकांनी दोघांनीच जावे, फार तर फादरांना बरोबर घ्यावे. फोटो काढू नयेत, पाकीट पुढे करू नये. बोलायची पाळी आली तर मुलाने स्वतः बोलावे, वडिलांनी त्याच्या वतीने नाही. आणि वडिलांनी आपले वेगळे सांगावे : किल्ली मी दिली होती.