देवाच्या बाजूने खोटी साक्ष



शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण शब्बाथ शाळेत पाठ केली. पण देवाच्या बाजूने दिलेली खोटी साक्ष पाप ठरते काय? हा प्रश्न मला एका उपदेशामुळे पडला, आणि तो उपदेश माझाच होता.

उपकारस्तुतीच्या रविवारी मी म्हणालो, "विश्वाची घडण इतकी काटेकोर आहे की, केसभर फरक असता तर आपल्या देहातील कार्बन झालाच नसता. फ्रेड हॉईल या नास्तिक शास्त्रज्ञाने जीवनाचा विचार करून हे ताडले आणि देवापुढे गुडघे टेकले." मंडळी प्रसन्न झाली. उपासनेनंतर बी. एस्सी.ला शिकणारा एक तरुण हळूच म्हणाला, "काका, गोष्ट छान आहे, पण ती अशी घडली नाही."

मी घरी येऊन वाचन केले. हॉईल हे आपल्या डॉ. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू. ताऱ्यांच्या पोटात हेलियमची दोन अणुकेंद्रे जुळून बेरिलियम होते. ते क्षणाचा अब्जांशही टिकत नाही. तेवढ्यात तिसरे हेलियम येऊन मिळाले तरच कार्बन होतो. हे पुरेसे घडायचे तर कार्बनच्या केंद्राला नेमक्या ऊर्जेची एक अवस्था हवी. झोका जसा त्याच्या लयीत धक्का दिला तरच उंच जातो, तसे हे आहे. अशी अवस्था असलीच पाहिजे, असे हॉईल यांनी १९५३ साली सांगितले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत वॉर्ड व्हेलिंग व सहकाऱ्यांना ती सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टवर आढळली. येथवर माझे ठीक होते.

पण हॉईल तेव्हा जीवनाचा नव्हे, ताऱ्यांत मूलद्रव्ये कशी बनतात याचा विचार करीत होते. जीवनाचा संबंध मागाहून जोडला गेला, हे इतिहासकार हेल्गे क्राग यांनी २०१० साली दाखवून दिले. कोणा महाबुद्धीने निसर्गनियमांशी खेळ केला असावा, अशा अर्थाचे हॉईल यांनी १९८१ साली लिहिले खरे. परंतु ते ख्रिस्ती झाले नाहीत. गुडघे मी टेकवले होते!

आणि 'केसभर'? ती अवस्था थोडी सरकली तरी कार्बन बनत राहतो, असे मारियो लिव्हिओ व सहकाऱ्यांच्या १९८९ च्या गणितात दिसले. उलट २००० साली हाइन्झ ओबरहुमर यांच्या गटाला आढळले की, केंद्रातील बल अर्ध्या टक्क्याने बदलले तर कार्बन किंवा ऑक्सिजन फारच घटतो. २०१३ च्या गणितात, क्वार्क या मूलकणांच्या वस्तुमानात दोन-तीन टक्के फरक चालू शकेल असे निघाले. म्हणजे मापन अजून चालू आहे. शिवाय, विश्वे अगणित असतील तर एखादे जीवनास योग्य निघणारच, असेही काही शास्त्रज्ञ म्हणतात.

मग आपला विश्वास या आकड्यांबरोबर रोज वरखाली व्हावा काय? ईयोबाच्या १३व्या अध्यायात ईयोब आपल्या मित्रांना, देवाचा कैवार घेण्यासाठी असत्य बोलता म्हणून, फटकारतो. ते मित्र धार्मिकच होते! त्या दुपारी मी त्यांच्याच पंक्तीत बसलो होतो. देवाला वकील लागत नाही. लागलाच तर खोटे बोलणारा नको. आपली एक गोष्ट खोटी निघाली की, तो तरुण आपल्या खऱ्या साक्षीवरही विश्वास ठेवणार नाही. ही हानी वादात हरण्याहून मोठी आहे.

पुढील रविवारी मी व्यासपीठावरून चूक कबूल केली. लाज वाटली, पण मन हलके झाले. प्रभूभोजनाच्या भाकरीतला कार्बन कधीकाळी ताऱ्याच्या पोटात घडला, एवढे मात्र खरे आहे. ते सिद्धता म्हणून कोणाच्या तोंडावर फेकण्यासाठी नव्हे. हात जोडून उपकार मानण्यास तेवढे पुरे आहे.