राखणे म्हणजे काय?

उज्जैनला आमच्या घरामागे माळाचा एक तुकडा आहे. पावसाळ्यात तिथे केना फुले, कुर्डू डोलत असे. गावची गुरे शिरत आणि सारे तुडवीत. म्हणून एका वर्षी मी तारेचे कुंपण घातले. त्या पावसाळ्यात माळ असा फुलला, की आपण पुण्यकर्म केले असे मला वाटले. तिसऱ्या वर्षी मात्र कुसळी गवत कमरेला लागले आणि केना शोधावा लागला. वाटेने गुरे नेणारा म्हातारा हसून म्हणाला, "बाबूजी, फूल बचाने को खानेवाला ही रोक दिया!"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. उंच गवताखाली ठेंगण्या रोपांना ऊन मिळत नाही. वाळलेल्या गवताचा थर साचला की बी रुजत नाही. गुरांचे तोंड गवतावर फिरले, की फुलांना जागा होते. पण गुरे फार झाली, तर बी धरण्याआधीच फूल पोटात जाते आणि माळावर उरतो तो गुरे तोंड न लावणारा टाकळा.

साताऱ्याजवळचे कासचे पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. तिथेही फुलांसाठी कुंपण आले, चराई थांबली. पुढे गवत माजून फुले घटल्याची ओरड झाली आणि कुंपण काढण्यात आले. भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात १९८२ साली चराईबंदी झाली. विरोध करणाऱ्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. नंतर म्हशींवाचून तळी पाणगवताने भरली आणि पाखरांचीच अडचण झाली.

मला सलते ते हे, की कुंपण घालताना मी त्या म्हाताऱ्याला एका शब्दाने विचारले नव्हते. माळ माझ्या नावावर होता. पण त्याची जाण त्याच्याकडे होती. आपले प्रेम आपल्याला इतके निर्मळ वाटते, की दुसऱ्याची भूक आपल्याला उपद्रव वाटू लागते. कालिदासाने दिलीप राजाला नंदिनीमागे रानात हिंडायला लावले. ती बसली की राजा बसे. राखण्याची ती रीत कुंपणाहून कष्टाची, कारण तिच्यात रोज लक्ष द्यावे लागते.

आता बी गळून गेले, की मी फाटक उघडतो. किती गुरे आणि किती दिवस, यावरून आमची दरवर्षी हुज्जत होते. माळ राखला जातो तो या हुज्जतीमुळे, असे मला वाटू लागले आहे.