पवईचे टेबल आणि नागसेनवनाची सावली



बारावीचे निकाल लागले की कुवेतमधल्या आपल्या घरांत बॅगा भरायला सुरुवात होते. इथल्या भारतीय शाळा बारावीला संपतात; पुढे बहुतेक मुले पुणे, नागपूर किंवा आणखी लांब जातात. कॉलेज निवडताना आपण फी पाहतो, प्लेसमेंट पाहतो. हल्ली माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर सौर पॅनेल, पाणी जिरवण्याचे खड्डे आणि हिरव्यागार झाडांचे फोटो असतात. चांगलेच आहे ते. फक्त त्या झाडाखाली कोणाकोणाला निर्धास्त बसता येते, हेही धम्माच्या माणसाने विचारावे.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आठवा. नववी सर्व माणसांना समान मानण्याची, दहावी समता स्थापन करण्याच्या प्रयत्नाची, तेरावी प्राणिमात्रांवर दया करून त्यांचे पालन करण्याची. आज ज्याला पर्यावरण आणि सर्वसमावेशकता म्हणतात, ती दोन्ही एकाच दीक्षेत आली आहेत. (पहिल्या आठ प्रतिज्ञा आपण जितक्या खणखणीत आवाजात म्हणतो, तितक्या पुढच्या म्हणत नाही, हे माझे निरीक्षण. चूक असेल तर आनंदच आहे.)

बाबासाहेबांनी हे आधी करून दाखवले होते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली आणि १९२५ साली तिने सोलापुरात वसतिगृह उघडले. खेड्यातून आलेल्या आपल्या मुलाला शहरात कोणी खोली देणार नाही, मग शाळेत नाव घालून उपयोग काय? १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. आम्ही आयटीवाले ज्याला डिझाइन म्हणतो ते हेच. गरिबाला आत घेण्याची घोषणा वेगळी करावी लागली नाही. वेळापत्रकानेच ते काम केले.

१९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेजला नाव मिलिंद, प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचे. परिसराला नाव नागसेनवन, त्याला उत्तरे देणाऱ्या भिक्खूचे. बाबासाहेबांनी त्याला ‘नगर’ म्हटले नाही, ‘वन’ म्हटले. जेतवन, वेळुवन ही नावे ज्याच्या कानात आहेत, तोच विद्यापीठाची कल्पना अशी करू शकतो. मराठवाड्याच्या उन्हात झाड आणि वसतिगृह या दोन्ही गोष्टींचा अर्थ एकच होता: सावली.

आता विनयपिटकातली एक गोष्ट. कोसंबीला उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दिली. राजाला शंका आली, हा श्रमण आता कापडाचे दुकान काढणार की काय? त्याने थेट विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? अंथरुणावरचे पांघरूण. ते विरले की? गादीची खोळ. मग? जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग झटकणी. आणि शेवटी चिंध्या करून, चिखलात मळून त्याने जमीन लिंपायची. राजा इतका प्रसन्न झाला की त्याने आणखी पाचशे चीवरे दिली. संघाची ही शिस्त इतक्या जुन्या काळातली आहे.

त्याच पिटकात उपाली आहेत. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले, बरोबर त्यांचा न्हावी. राजपुत्रांनीच भगवंतांना विनवले, उपालीला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यांचा अभिमान उतरेल. पुढे पहिल्या संगीतीत विनय सांगितला तो याच उपालींनी.

त्या राजपुत्रांत देवदत्तही होता. पुढे त्याने पाच नियम सक्तीचे करा म्हणून मागणी केली. त्यात भिक्खूंनी मासे-मांस अजिबात खाऊ नये हा एक होता. भगवंतांनी सक्ती नाकारली.

हे सांगण्याचे कारण पवई. तलावाकाठचा आयआयटीचा परिसर मुंबईत दुर्मीळ असा हिरवा आहे. तिथे सप्टेंबर २०२३ मध्ये तीन वसतिगृहांच्या मेसमध्ये सहा टेबले शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आली. त्याचा निषेध म्हणून त्या टेबलावर मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. शाकाहार कोणी स्वेच्छेने पाळत असेल तर मला आदरच आहे. पर्यावरणाच्या बाजूनेही त्यात तथ्य आहे. पण शेजारच्याच्या ताटाचा विटाळ मानून टेबल वेगळे झाले, तर ते आपल्या आजोबांनी पाहिलेल्या वेगळ्या पाणवठ्याचेच नवे रूप. झाडे कितीही लावा, त्याने हे झाकत नाही.

म्हणून प्रवेश घेताना कॉलेजला चार गोष्टी विचारा. मेसमध्ये सगळे एकत्र बसतात का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभाव-विरोधी अधिकारी नेमायला सांगितले होते; तो अधिकारी कोण, आणि मुलाला त्याचा फोन नंबर मिळतो का? चाकाच्या खुर्चीवरच्या विद्यार्थ्याला ग्रंथालयात जाता येते का? सफाई कामगार कंत्राटी आहेत का, आणि त्यांना हातमोजे, बूट मिळतात का? शेवटचा प्रश्न विचारायला आपण संकोचतो. संकोचू नका.

आणि आपल्या दानाबद्दल. इथे नदी नाही. नळाला येते ते समुद्राचे मीठ काढलेले पाणी, तेल-वायू जाळून केलेले. पाण्याची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. तरी गावाकडे पैसे पाठवताना आपला हात कमानीकडे आणि पुतळ्याच्या चौथऱ्याकडे आधी जातो. मला वाटते, या वर्षावासातले दान एखाद्या मागास वसतिगृहाच्या छतावरचे पावसाचे पाणी साठवण्यासाठी आणि मुलींच्या न्हाणीघरांसाठी द्यावे. रक्कम लहान असली तरी चालेल, पण दुरुस्तीचा खर्च पुढची पाच वर्षे आपण उचलू असे आधीच ठरवावे. टाकी बांधून विसरलेली दाने मी पुष्कळ पाहिली आहेत.

ज्यांची मुले यंदा निघणार आहेत, त्यांनी येत्या शुक्रवारी वंदनेनंतर थोडे थांबावे. मुलांनाही आणा, प्रश्नांची यादी त्यांच्याकडूनच लिहून घेऊ.

जय भीम.